गंज सगळीकडे सारखा चढत नाही

मोठ्या इमारतीत गारवा पाण्यातून फिरतो. रुग्णालय, मॉल, विमानतळ, आयटी पार्क, कुठेही जा, तळघरात किंवा गच्चीवर एक प्लांट रूम असते आणि तिथे चिलर घरघरत असतात. चिलर पाणी साधारण 7 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतो. पंप ते पाणी शाफ्टमधल्या उभ्या पाइपांतून मजल्यामजल्यावर पोचवतात. प्रत्येक मजल्यावरच्या एअर हँडलिंग युनिटमध्ये, म्हणजे एएचयूमध्ये, तांब्याच्या नळ्यांची कॉइल असते. पंखा खोलीतली हवा या कॉइलवरून ओढतो, हवा गार होते आणि पाणी 12 अंशांच्या आसपास तापून चिलरकडे परततं. हे झालं पहिलं वर्तुळ, आणि ते बंद असतं.

चिलरनं पाण्यातून काढलेली उष्णता कुठेतरी टाकावी लागते. त्यासाठी दुसरं वर्तुळ असतं. कंडेन्सरमधून साधारण 37 अंशांचं पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरकडे जातं, तिथे उघड्या हवेत झिरपत खाली येतं, त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि उरलेलं 32 अंशांच्या आसपास गार होऊन पुन्हा खाली उतरतं. हे वर्तुळ उघडं असतं.

दोन्ही वर्तुळांतले मोठे पाइप बहुतेक वेळा साध्या पोलादाचे, म्हणजे एमएसचे असतात. भारतीय मानकाप्रमाणे 150 मिलिमीटर व्यासाच्या जाड वर्गातल्या पाइपाची भिंत 5.4 मिलिमीटर जाडीची असते. अख्ख्या इमारतीचा गारवा एवढ्या जाडीच्या भरवशावर फिरत असतो. हा पाइप वर्षाला 0.05 मिलिमीटर या वेगानं सगळीकडून सारखा झिजला, तर 5 मिलिमीटर झिजायला शंभर वर्षं लागतील. इमारतच तेवढी टिकणार नाही. तरीही काही इमारतींत चौथ्या-पाचव्या वर्षीच छतातून पाणी ठिबकू लागतं, आणि पाइप कापून पाहिला तर भोकापासून वीतभर अंतरावरची भिंत जवळजवळ नव्यासारखी असते.

म्हणजे पाइप किती गंजला यापेक्षा गंज कुठे साठला हे महत्त्वाचं. पसरलेला गंज पाइपाला फारसा दगा देत नाही. एका जागी गोळा झालेला गंज भोक पाडतो. शीतकरणाच्या पाइपांची काळजी घेण्याचं सगळं शास्त्र या एका फरकाभोवती फिरतं.

गंज म्हणजे वीज

लोखंड पाण्यात गंजतं तेव्हा दोन घटना एकाच वेळी घडतात, पण एकाच जागी घडतात असं नाही. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो. या जागेला ॲनोड म्हणतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. ही जागा कॅथोड. पाइपाच्या भिंतीतून असा बारीकसा विद्युतप्रवाह सतत वाहत असतो. एक अँपिअरचा प्रवाह वर्षभर वाहिला, तर सुमारे 9 किलो लोखंड विरघळतं.

या व्यवहारात लगाम कुणाच्या हाती असतो, हे 1924 साली व्हिटमन, रसेल आणि अल्टिएरी या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं. पाण्याचा सामू 4 ते 10 या मोठ्या पट्ट्यात कुठेही असला, तरी साधं पोलाद जवळपास त्याच वेगानं गंजतं. वेग ठरवतो तो पृष्ठभागापर्यंत पोचणारा ऑक्सिजन. इलेक्ट्रॉन उचलणारं कुणी नसेल, तर लोखंडाचे अणू पाण्यात उतरणं थांबतं.

पण ऑक्सिजन सगळीकडे सारखा पोचत नाही, तेव्हा काय होतं? केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी 1926 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याचं उत्तर डोळ्यांसमोर मांडतो. पोलादाचा घासून चकचकीत केलेला पत्रा घ्यायचा. त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात दोन रंगदर्शक आधीच मिसळलेले असतात. लोखंड विरघळतं तिथे एक निळा रंग देतो, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तिथे दुसरा गुलाबी. सुरुवातीला थेंबाखाली सगळीकडे निळे आणि गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. मग हळूहळू त्यांची वाटणी होते. थेंबाचा मध्य निळा होतो, कड गुलाबी होते आणि दोहोंच्या मध्ये तांबूस गंजाचं कडं उमटतं.

कडेला पाण्याचा थर पातळ असतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोचतो. मध्यभागी पाणी खोल असतं, तिथला ऑक्सिजन एकदा संपला की नवा यायला उशीर लागतो. आपला अंदाज असा असतो की ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त. घडतं नेमकं उलट. ऑक्सिजन कडेला मिळतो आणि लोखंड मध्यभागी विरघळतं. ऑक्सिजनची विषम वाटणी झाली की ज्या जागेला तो मिळत नाही, तीच जागा खाल्ली जाते. इमारतीच्या पाइपांत पुढे जे जे बिघडताना दिसतं, त्यातलं बरंचसं या थेंबात आधीच घडून गेलेलं असतं.

बंद वर्तुळ खरंच बंद असतं का?

बंद वर्तुळाचं गणित फार दिलासा देणारं आहे. समजा, एका इमारतीच्या थंड पाण्याच्या वर्तुळात 50,000 लिटर पाणी मावतं. नळाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, म्हणजे एकूण 400 ग्रॅम. हा सगळा ऑक्सिजन लोखंडाशी संयोग पावला, तरी एक किलोपेक्षा कमी लोखंड खर्ची पडेल. वर्तुळातल्या टनावारी पोलादाच्या हिशेबात हे नगण्य आहे. ऑक्सिजन संपला की गंजही मंदावतो. खरोखर बंद असलेलं वर्तुळ म्हणूनच दशकानुदशकं टिकतं.

अडचण अशी की पंपाच्या सीलमधून पाणी गळतं. एखाद्या मजल्यावर भाडेकरू बदलला की फिट-आउटच्या कामासाठी लाइन रिकामी करून पुन्हा भरतात. गच्चीवरची एक्सपान्शन टँक उघडी असते. दाब नीट राखला नाही, तर वरच्या मजल्यांवरच्या एअर व्हेंटमधून हवा बाहेर जाण्याऐवजी आत ओढली जाते. गळालेलं पाणी भरून काढायला फ्लोट व्हॉल्व्ह गुपचूप नवं पाणी सोडत राहतो. दर हजार लिटर नव्या पाण्याबरोबर 8 ग्रॅम ऑक्सिजन येतो आणि तो 18 ग्रॅमच्या आसपास लोखंड मागतो. हे लोखंड सगळ्या पाइपांतून सारखं वजा झालं असतं, तर काळजी नव्हती. ते वजा होतं ते गाळ बसलेल्या, पाणी रेंगाळणाऱ्या मोजक्या जागांतून.

म्हणून बंद वर्तुळाच्या मेक-अप लाइनवर, म्हणजे नवं पाणी आत येणाऱ्या पाइपावर, पाण्याचं साधं मीटर बसवणं हा गंजाविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रोज एकाच वेळी आकडा लिहिला, तर गळती छतातून दिसण्याच्या कितीतरी आधी वहीत दिसते.

खरं नुकसान मात्र पुष्कळदा इमारत सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेलं असतं. पाइप जोडून झाले की हायड्रोटेस्ट होते, म्हणजे पाणी भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन जोड तपासतात. चाचणी पास झाली की पाणी सोडून देतात, पण पूर्ण नाही. आडव्या पाइपांच्या तळाशी, खोलगट वळणांत ते साचून राहतं. वर हवा, खाली वेल्डिंगची स्लॅग, सिमेंटची भुकटी आणि माती मिसळलेलं पाणी. त्यातच नव्या पाइपाच्या आतून कारखान्यात बसलेला काळा मिल स्केल असतो. तो विजेच्या दृष्टीनं पोलादाहून वरचढ असल्यामुळे, त्याला जिथे तडा जातो तिथलं उघडं पोलाद ॲनोड बनतं. इमारतीचं उद्घाटन सहा महिन्यांनी होतं, आणि तोवर तळाच्या रेषेत खड्डे पडायला सुरुवात झालेली असते.

उपाय ठरलेला आहे. चाचणीनंतर लाइन एकतर पूर्ण कोरडी करायची, नाहीतर केमिकल मिसळलेलं पाणी भरून ते फिरतं ठेवायचं. सुरू करण्यापूर्वी मोठ्या वेगानं फ्लशिंग करायचं आणि स्ट्रेनर स्वच्छ निघेपर्यंत ते थांबवायचं नाही. ब्रिटनमध्ये या कामासाठी बीएसआरआयए या संस्थेची स्वतंत्र मार्गदर्शिकाच आहे. आपल्याकडे ताबा देण्याच्या घाईत सर्वांत आधी कात्री लागते ती नेमकी याच कामाला.

सुरू झालेल्या इमारतीतही काही मजले रिकामे असतात, तिथले व्हॉल्व्ह बंद असतात, आणि पुढच्या विस्तारासाठी सोडलेले पाइपाचे तुकडे टोकाला ब्लँक लावून ठेवलेले असतात. या डेड लेगमध्ये पाणी वर्षानुवर्षं हलत नाही. 2020 च्या टाळेबंदीत तर अख्ख्या कार्यालयांचं पाणी असं उभं राहिलं होतं. फिरतं पाणी केमिकल सगळीकडे पोचवतं आणि गाळ बसू देत नाही. उभं पाणी स्वतःपुरता वेगळा कारभार सुरू करतं.

टॉवरचं पाणी

उघड्या वर्तुळात ऑक्सिजनची कमतरता कधीच नसते. टॉवरमध्ये पाणी दर फेरीला हवेत न्हाऊन निघतं. शिवाय ते उडून जातं. एक टन शीतकरणासाठी तासाला साधारण साडेसहा लिटर पाण्याची वाफ होते. हजार टन शीतकरण लागणारी इमारत दहा तास चालली, तर 65,000 लिटर, म्हणजे दहा हजारी सहा-सात टँकर हवेत जातात. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात आणि त्यांची तीव्रता चढत जाते. ती तीन ते पाचपट झाली की थोडं पाणी ब्लो-डाउन करून गटारात सोडावं लागतं.

कोणतं पाणी वापरता यावर इथे पुष्कळ अवलंबून असतं. पाण्यात कॅल्शियम आणि क्षारता जास्त असेल, तर पाइपावर आणि कंडेन्सरच्या नळ्यांवर चुनखडीचे खवले बसतात. फारच कमी असेल, तर पोलादावर साधा संरक्षक थरही तयार होत नाही आणि पाणी धातूला भिडतं. या दोन टोकांमध्ये पाणी कुठे बसतं, हे मोजण्याचा निर्देशांक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्फ्रेड लँगेलिअर यांनी 1936 साली मांडला आणि आजही तोच वापरात आहे. मुंबईला तलावांतून मिळणारं पावसाचं पाणी मऊ आहे. बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं, आणि किनाऱ्याजवळच्या बोअरला क्लोराइड जास्त असतं. एकाच टॉवरमध्ये आज पालिकेचं, उद्या टँकरचं आणि परवा इमारतीच्याच एसटीपीमधून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, आलेलं पाणी पडत असेल, तर केमिकलची एकच ठरलेली मात्रा निरर्थक ठरते. एसटीपीचं पाणी वापरणं योग्यच आहे, कारण पिण्याचं पाणी वाचतं. पण प्रक्रिया अपुरी राहिली, तर त्यातला अमोनिया तांब्याच्या नळ्यांना लागतो आणि सेंद्रिय अंश जिवाणूंना पोसतो.

टॉवर हवा धुतो, आणि धुतलेल्या हवेतली धूळ, परागकण, पानांचे तुकडे, शेजारच्या बांधकामाची माती असं सगळं पाण्यात उतरतं. हा गाळ जिथे वेग कमी तिथे बसतो. गाळाखाली ऑक्सिजन पोचत नाही, आजूबाजूला तो भरपूर असतो. इव्हान्स यांच्या थेंबाचा मध्य इथे गाळाखाली तयार होतो.

असा एखादा पाइप उभा चिरून उजेडात धरला की आतली रचना नीट दिसते. भिंतीवर तपकिरी रंगाच्या गाठी उठलेल्या असतात, काही हरभऱ्याएवढ्या, काही लिंबाएवढ्या. गाठीचं कवच कडक आणि ठिसूळ असतं. स्क्रू ड्रायव्हरनं ते उचकटलं की आत काळा, ओलसर लगदा लागतो, आणि पुष्कळदा कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. लगदा पुसून काढला की तळाशी गोलसर खड्डा दिसतो, आणि त्यातलं पोलाद करकरीत उघडं असतं. कवच वर ऑक्सिजन अडवतं, आत क्लोराइड आणि आम्लता साठते, आणि खड्डा जसा खोल जातो तसा आतला कारभार बाहेरच्या पाण्यापासून अधिकाधिक तुटत जातो. बाहेरच्या पाण्याची चाचणी उत्तम येत असते आणि खड्डा खोल होतच असतो.

तो वास जिवाणूंची खूण आहे. ऑक्सिजन नसतानाही जमिनीतले लोखंडी पाइप का गंजतात, हे कोडं नेदरलँड्समध्ये व्हॉन वोल्झोगेन क्यूर आणि व्हान डेर व्ल्यूख्ट यांनी 1934 साली उलगडण्याचा प्रयत्न केला. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे, ऑक्सिजन नको असलेले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि लोखंडाचं विरघळणं चालू ठेवतात, असं त्यांनी मांडलं. तपशिलांवर पुढे बरंच संशोधन झालं, पण जिवाणू आणि गंज यांचं नातं तेव्हापासून पक्कं झालं. हे जिवाणू बुळबुळीत थराखाली आणि गंजाच्या गाठीत राहतात, जिथे क्लोरीनसारखी जंतुनाशकं नीट पोचत नाहीत.

हाच आसरा लेजिओनेला या जिवाणूलाही मिळतो. 2015 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमधून उडालेल्या तुषारांनी लेजिओनेअर्स हा फुप्फुसांचा आजार पसरला. 138 जण आजारी पडले, 16 जण दगावले. त्यानंतर शहरानं प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी आणि नियमित तपासणी सक्तीची केली. पाइपातला गंज आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची फुप्फुसं यांचा संबंध इतका जवळचा आहे.

दोन धातूंची गाठ

1761 साली ब्रिटिश नौदलानं 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी पाहणी केली, तेव्हा पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे ठिकठिकाणी खाल्लेले निघाले. काही खिळे मात्र शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्या कागदाचे तुकडे तिथे पत्रा आणि खिळा यांच्या मध्ये अडकून राहिले होते. तेवढ्या कागदानं विजेची वाट तोडली होती.

इमारतीत तांब्याच्या कॉइल, पितळी व्हॉल्व्ह आणि पोलादी पाइप एकाच पाण्यात जोडलेले असतात. पितळी व्हॉल्व्हला लागून पोलादाचा आखूड निपल असला, तर बहुतेक वेळा तोच आधी गळतो, कारण मोठा कॅथोड आणि चिमुकला ॲनोड ही जोडी सर्वांत घातक. त्यातच आटे पाडताना निपलची जवळजवळ निम्मी जाडी गेलेली असते. मध्ये विद्युतरोधक जोड टाकला तर त्या कागदाचं काम होतं.

विषमता बाहेरूनही येते. पावसाळ्यात किनारी शहरांत हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो आणि पाइप 7 अंशांचा. इन्सुलेशनवरचं बाष्परोधक आवरण एखाद्या सपोर्टपाशी फाटलं, तरी दमट हवा आत शिरते, पाइपावर पाणी धरतं आणि ओलं इन्सुलेशन ते जागीच धरून ठेवतं. वरून सगळं नीटनेटकं दिसतं आणि आत पाइप बाहेरच्या बाजूनं खाल्ला जात असतो.

केमिकल आणि त्याची मात्रा

गंज रोखणाऱ्या रसायनांत क्रोमेटसारखं प्रभावी काही नव्हतं. क्रोमेटमुळे पिवळसर झालेलं पाणी पोलादावर घट्ट ऑक्साइडचा पापुद्रा चढवायचं. पण सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. कॅलिफोर्नियातल्या हिंक्ली इथल्या गॅस कंप्रेसर स्टेशनमध्ये 1952 ते 1966 या काळात कूलिंग टॉवरचं क्रोमेटयुक्त पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं गेलं आणि गावच्या भूजलात उतरलं. त्यावरून झालेला आणि एरिन ब्रोकोविच या कायदा सहायिकेमुळे गाजलेला खटला 1996 साली 33 कोटी 30 लाख डॉलरच्या तडजोडीनं मिटला. अमेरिकेनं 1990 साली वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरमध्ये या क्रोमियमवर बंदी घातली. पाइप वाचवण्यासाठी विहिरी गमावणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आज उघड्या वर्तुळात फॉस्फोनेट, झिंक यांची मिश्रणं, बंद वर्तुळात नायट्राइट किंवा मॉलिब्डेट आणि तांब्यासाठी ॲझोल वापरतात. त्यांतल्या नायट्राइटसारख्या रसायनांची एक गोष्ट प्लांट रूममधल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. ती ॲनोडची जागा झाकून काम करतात. मात्रा कमी पडली, तर बहुतेक भिंत झाकली जाते पण काही ठिपके उघडे राहतात, आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांत एकवटतो. एकूण गंज कमी होतो आणि भोक मात्र लवकर पडतं. अर्धी मात्रा ही अर्धी सुरक्षा नसते. शिवाय काही जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करून टाकतात, म्हणजे महिन्यापूर्वी घातलेलं केमिकल आज शिल्लक असेलच असं नाही. घातलं किती यापेक्षा पाण्यात उरलं किती, हे तपासावं लागतं.

तपासणीची पद्धतही याच नजरेनं निवडायला हवी. लाइनमध्ये पोलादाची वजन केलेली पट्टी, म्हणजे कूपन, साधारण 90 दिवस टांगतात आणि घटलेल्या वजनावरून वार्षिक झीज काढतात. अहवालात येतो तो सरासरीचा आकडा. त्यावर समाधान न मानता पट्टी भिंगाखाली धरून खड्डे पाहायला हवेत. अल्ट्रासॉनिक मीटरनं पाइपाची जाडी मोजताना हात पोचेल तिथलं एक मोजमाप घेऊन भागत नाही. आडव्या पाइपाचा तळ, डेड लेगची टोकं, वळणांच्या पुढची जागा, पाणी सर्वांत संथ असतं तो दूरचा मजला, अशा ठिकाणी मोजायला हवं.

गंजामुळे जगाचं होणारं नुकसान वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या 3.4 टक्के आहे, असा अंदाज नेस या गंजतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2016 साली मांडला. आज माहीत असलेल्या पद्धती नीट वापरल्या, तरी त्यातलं 15 ते 35 टक्के नुकसान टळेल, असंही त्याच अभ्यासात म्हटलं आहे. शीतकरणाच्या पाइपांना ते तंतोतंत लागू पडतं. थेंबाचा प्रयोग 1926 चा, जिवाणूंचा सिद्धांत 1934 चा, पाण्याचा निर्देशांक 1936 चा. ज्ञान हाताशी येऊन जवळजवळ शंभर वर्षं होत आली.

कमी पडतं ते रोजचं लक्ष. ते देणारा माणूस म्हणजे प्लांट रूममधला ऑपरेटर, आणि इमारतीच्या अंदाजपत्रकात त्याचा पगार आणि केमिकलचा कंत्राटदार या दोन्ही ओळी सर्वांत आधी छाटल्या जातात. चालू रुग्णालयात उभी लाइन बदलण्याचा खर्च आणि हाल एकदा पाहिले की ही काटकसर किती महाग पडते ते कळतं. इमारत सांभाळणाऱ्यानं ऑपरेटरला सरासरी आकडा विचारून थांबू नये. आपल्या पाइपांत सर्वांत वाईट जागा कोणती आणि ती शेवटची कधी पाहिली, हे विचारावं. पाइप किती वर्षं टिकणार, हे त्या एका जागेवरच ठरतं.